खोडदच्या ताटल्या आणि आकाशातली शांतता

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागते. तमाशाची पंढरी म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. विठाबाई नारायणगावकरांचे नाव आपल्या बेळगावकडच्या जुन्या रसिकांनाही सांगावे लागत नाही. तिथून पूर्वेला खोडदकडे वळले की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमागून अचानक भल्यामोठ्या ताटल्या वर येतात, आकाशाकडे तोंड करून. एकेकीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० आहेत. त्यांतल्या १४ साधारण एक किलोमीटरच्या आवारात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर, पार पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. हीच ती जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी.

प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांनी ती उभी केली. जवळ गेल्यावर कळते की ताटली भरीव पत्र्याची नाही, बारीक पोलादी तारांची जाळी आहे. लांब लहरींच्या रेडिओला ही जाळी आरशासारखीच लागते, वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळे वजन कमी आणि खर्चही कमी. एवढी काटकसर आणि एवढा आवाका एकत्र मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

विज्ञान दिनाला आमच्या कॉलेजची काही मुले घेऊन मी गेलो होतो. मी तर्कशास्त्र शिकवतो; लहरी आणि मेगाहर्ट्झ समजावण्याचे काम सोबतच्या पदार्थविज्ञानाच्या मॅडमनी केले. आत शिरताना सर्वांचे मोबाईल बंद झाले. अब्जावधी मैलांवरून येणारी कुजबुज ऐकायची, तर जवळच्यांनी गप्प बसायला हवे. ही जागा निवडतानाही शहरांचा रेडिओ-गोंगाट इथे कमी आहे, हे पाहिले गेले होते.

जीएमआरटी मुळात परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांसाठी बांधलेली नाही. तिचे नेहमीचे काम म्हणजे पल्सार, दूरच्या दीर्घिका आणि हायड्रोजन. पण मुलांच्या मनात तोच एक प्रश्न होता. त्याचे मूळही हायड्रोजनपाशीच आहे. विश्वात सर्वाधिक असलेले हे मूलद्रव्य १४२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटिमीटरच्या लहरीवर, आपली खूण सोडते. पदार्थविज्ञानाचे नियम सगळीकडे एकच असतील, तर रेडिओ जाणणाऱ्या कोणालाही हा आकडा माहीत असणार. यल्लम्माच्या जत्रेत चुकामूक झालेली माणसे न ठरवताही दीपमाळेपाशी येऊन थांबतात, तसेच हे. कोक्कोनी आणि मॉरिसन या दोघा शास्त्रज्ञांनी १९५९ साली 'नेचर'मध्ये ही कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँकमधून दोन जवळच्या ताऱ्यांकडे कान लावला. हाती काही लागले नाही.

आता, जे ऐकू येईल ते 'बोलणे' आहे हे ओळखायचे कसे? खडेबाजारात मागून कोणाचे बोलणे कानावर पडले, की शब्द कळायच्या आत ते मराठी की कन्नड हे आपल्याला कळते. इथेही अर्थ नंतर, ओळख आधी. निसर्गातले रेडिओ-स्रोत पुष्कळ लहरींवर पसरून बोलतात; अगदी अरुंद, सुईच्या टोकाएवढ्या पट्ट्यातला आवाज आपल्या माहितीत फक्त यंत्रच काढते. पण यंत्र कोणाचे? ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून गूढ आवाज येत होते (ते अरुंद पट्ट्यातले नव्हते, तरी गोष्ट सांगण्याजोगी आहे). २०१५ मध्ये उलगडा झाला. तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार कोणीतरी तो बंद होण्याआधी उघडत असे!

ताटल्यांकडे बघत सौंदत्तीकडच्या एका मुलीने विचारले, "सर, अल्लि यारू इल्लंद्र?" तिकडे कोणीच नसले तर? प्रश्न माझ्या विषयाचा होता. आपल्या मीमांसकांनी, विशेषतः कुमारिल भट्टांनी, 'अनुपलब्धी' हे एक प्रमाण मानले. वस्तू दिसत नाही, यावरूनही ज्ञान होऊ शकते. मात्र अट अशी, की ती तिथे असती तर दिसलीच असती. दिवा लावलेल्या खोलीत घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

दिवा लावलेल्या खोलीचे उदाहरण खोडदलाच घडले आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होते आणि त्याचा क्षीण संदेश जीएमआरटी ऐकत होती. उतरण्याच्या जरा आधी तो संदेश थांबला. तिथे तो थांबायला नको होता, म्हणूनच त्या शांततेला अर्थ होता. पुढे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या छायाचित्रांत आदळल्याची खूण सापडली.

ताऱ्यांच्या बाबतीत आपण अजून अंधाऱ्या खोलीत आहोत. दिशा किती, लहरी किती, कोणत्या वेळी आणि किती क्षीण आवाज ऐकायचा, या सगळ्यांचा गुणाकार प्रचंड होतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली हिशेब मांडला. सारी शोधायची जागा म्हणजे पृथ्वीवरचे महासागर धरले, तर आतापर्यंत तपासलेले पाणी एका लहानशा हौदाएवढे. तेव्हा 'कोणी नाही' म्हणणारा घाई करतो, आणि 'आहेतच' म्हणणाराही. १९९५ पासून सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडू लागले आणि २०२५ साली नासाच्या यादीतल्या परग्रहांचा आकडा सहा हजारांवर गेला, म्हणून अनेकांचा उत्साह वाढला आहे. पण ग्रह म्हणजे घर. घरात माणूस आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. ऐकून न ऐकू आल्याची नोंद मात्र फुकट जात नाही. अमुक ताऱ्याकडून, अमुक लहरीवर, एवढ्या ताकदीचा आवाज त्या वेळी येत नव्हता, एवढे पक्के होते. खोलीचा एक कोपरा उजळतो.

मुलीला हे पटले की नाही, कोण जाणे. तिने वहीत 'अनुपलब्धी' हा शब्द कन्नड लिपीत लिहून घेतला आणि मॅडमना पल्सारबद्दल विचारायला गेली.

जायचे असेल तर २८ फेब्रुवारीचा सुमार धरावा. तेव्हा तिथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांतली मुले स्वतः केलेले प्रयोग मांडून बसतात. पुण्याहून नारायणगावला एसटी आहे, पुढे मात्र आपले वाहन असलेले बरे. शिवनेरीही त्याच बाजूला आहे. तो सकाळीच चढून घ्यावा, दुपारी कातळ तापतो.