मिठाचे पथ्य

दुसऱ्याचा रोग ओळखण्याची विद्या आमच्या जालन्यात कुणी शिकत नाही. मोसंबीसारखी ती इथल्या मातीतच येते. ओट्यावर बसून तुम्ही नुसते शिंकलात, तरी समोरून जाणारा माणूस सायकल न थांबवता निदान, औषध आणि पथ्य असे तिन्ही सांगून पुढे जातो. माणसांच्या बाबतीत या विद्येने आजवर जे व्हायचे ते झाले. समुद्रातल्या माशांवर ती चालवून पाहण्याची संधी मात्र गावाला आमच्या दाजींमुळे मिळाली.

'जालना, सोने का पालना' असे आमच्या गावाबद्दल म्हणतात. पाळणा सोन्याचा खरा, पण त्यात पाणी बेताचे. २०१२-१३ च्या दुष्काळात आम्ही आंघोळीच्या पाण्याने फरशी पुसली आणि फरशीच्या पाण्याने तुळस जगवली. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरांपलीकडे. अशा गावात एखाद्याने दिवाणखान्यात दोनशे लिटर पाणी भरून ठेवावे आणि त्यात मुद्दाम सात किलो मीठ कालवावे, ही गोष्ट गल्लीला सहन होण्यासारखी नव्हती. "पिता येत नाही, झाडाला घालता येत नाही, मग ते पाणी काय कामाचं, सर?" असे मला चौकात विचारले जाई. माझ्या बहिणीचे यजमान म्हटल्यावर जबाब मीच द्यायचा.

त्याचे असे झाले. ताईचे लग्न १९८१ सालचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्याच वयाचे. लग्नानंतर दाजींनी तिला मुंबई दाखवली, तेव्हा मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालयही दाखवले. हे मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाले होते. ताईने राणीचा बाग, गेट वे वगैरे सगळे पाहिले. पण घरी येऊन बोलत राहिली ती तिथल्या माशांबद्दल. पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ, असे म्हणता म्हणता चाळीस वर्षे गेली. पुढे ते मत्स्यालय कधी दुरुस्तीसाठी बंद राहिले, कधी करोनासाठी. आणि ताईचे गुडघे कायमचे बंद पडले. तेव्हा सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेल्या आणि एरवी चहाचाही खर्च वहीत लिहिणाऱ्या या गृहस्थाने समुद्रच घरी आणायचे ठरवले.

आणला. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउन मासे, दोन निळे डॅम्सेल, काही गोगलगायी आणि एक लाल झिंगा. क्लाउन माशांत मादी आकाराने मोठी असते आणि नर तिच्या मागेमागे राहतो. मादी गेली तर तोच नर पुढे मादी होतो. हे मी ताईला सांगितले, तेव्हा तिने दाजींकडे असे पाहिले की पुढचे जीवशास्त्र मी गिळून टाकले.

समुद्राची खारटपणाची पातळी मोजायला सुरुवातीला दाजींनी दूधवाल्याचा लॅक्टोमीटर आणला. हसू नका, समुद्राचे पाणी त्यात पंचवीसच्या आसपास उभे राहते. चांगल्या गाईच्या दुधाचा आकडा अठ्ठावीस ते बत्तीस. म्हणजे आमच्या दूधवाल्याच्या मते समुद्र म्हणजे थोडेसे पाणी घातलेले दूध. "आमच्यापेक्षा जास्त घातलंय," असे तो समाधानाने म्हणाला.

मग मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून, प्राणवायू भरलेल्या पिशवीत बसून, एक पिवळाधमक टँग मासा आला. दाजींनी त्याला थेट टाकीत सोडला. पाहुणा आला की त्याला आधी पंधरा दिवस पडवीत ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही. आठव्या दिवशी टँगच्या अंगावर रव्याचे कण उडाल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, आणि दहाव्या दिवशी सगळ्यांच्या.

गल्ली जमली. पहिले निदान 'उष्णता' हे होते, कारण ते नेहमीच पहिले असते. त्यावर उपाय सब्जा. कुणी कांजिण्या म्हणाले, कुणी दृष्ट. समोरच्या मेडिकलवाल्याने अॅलर्जीची गोळी कुटून टाकायला सांगितली. शेजारच्या अण्णांनी काशीहून आणलेला तांब्याचा तांब्या काढून आणला आणि म्हणाले, "हा रात्रभर आत राहू द्या. तांबं जंतू मारतं." ताईने त्या संध्याकाळी टाकीवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. मीठ उतरवून टाकायचे कुठे, हा प्रश्न त्या घरात प्रथमच पडला.

आणि चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले! सगळे, एकूण एक. गल्लीत दिवाळी झाली. सब्जावाल्या काकू म्हणाल्या, सब्जा. मेडिकलवाला म्हणाला, गोळी. प्रत्यक्षात दाजींनी यातले काहीही टाकीत टाकले नव्हते. लेखापरीक्षक माणूस, व्हाउचर असल्याशिवाय काही आत जाऊ देत नाही. पण हे कुणी ऐकून घेईना.

सात-आठ दिवसांनी ठिपके परत आले, ते पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे. टँग कोपऱ्यात धापा टाकू लागला आणि पहाटे गेला. दुपारी एक डॅम्सेल गेला. ताईने त्या दिवशी जेवण केले नाही. दाजी मला म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं कॉलेजात बेडूक कापलेत. हे काय आहे ते बघा तरी."

त्या शहाणपणाच्या भांडवलावर मी मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा तुकडा, ताजा असतानाच, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पांढऱ्या ठिपक्यांचे रोग समुद्री माशांत एकच नाही. एकात अंगावर बारीक सोनेरी भुकटी पडते आणि मासे दोन-चार दिवसांत जातात. त्याचा जंतू कल्ल्याला चिकटून निश्चल बसलेला दिसतो. दुसऱ्यात अंगाला शेंबडासारखा बुळबुळीत थर येतो, आणि तो क्लाउन माशांना विशेष छळतो. आमच्या काचेखाली मात्र एक गोल, काळपट गोळा अंगभर केस हलवत संथपणे फिरत होता, जेवून अंगणात शतपावली घातल्यासारखा. हा 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स'. नाव वकिलाच्या नोटिशीसारखे असले तरी ते ठेवले गेले १९५१ साली, म्हणजे तारापोरवाला सुरू झाले त्याच वर्षी.

या गृहस्थाची दिनचर्या कळली आणि मला आमच्या गल्लीचा, किंबहुना एकूण वैद्यकीचा, इतिहासच कळला. तो माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस राहतो, खाऊन फुगतो, आणि मग आपण होऊन गळून पडतो. ठिपका गेला, मासा बरा दिसतो, आणि त्या दिवशी ज्याचा उपाय चालू असेल तो धन्वंतरी ठरतो. जंतू तळाच्या वाळूत कोष करून बसलेला असतो. काही दिवसांनी, कधी कित्येक आठवड्यांनी, एकेका कोषातून दोनशेपर्यंत पिल्ले बाहेर पडतात. त्यांना दीड-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पण दोनशे लिटरच्या समुद्रात मासा सापडणार नाही तर काय होईल? खऱ्या समुद्रात मासा रात्री एकीकडे आणि सकाळी दुसरीकडे असतो. टाकीतल्या माशाला बदलीच नाही.

अण्णांचा तांब्या, गंमत म्हणजे, तत्त्वाने बरोबर होता. तांब्याने हा जंतू मरतो. पण लिटरला एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा, एवढेच ते लागते. कमी पडले तर जंतू हसतो, जास्त झाले तर मासा मरतो, आणि झिंगे व गोगलगायी तर त्यात टिकतच नाहीत. वाळू अन् खडकही तांबे शोषून घेतात, मग पाण्यात उरले किती हे रोज मोजत बसा. तांब्याला हे मोजमाप कोण समजावणार?

शेवटी उपाय निघाला तो ऐकून दाजींनी मला दोनदा विचारले. मासे वेगळ्या टबात काढायचे आणि त्यांचे मीठ कमी करायचे. गोड्या पाण्यातल्या माशाला दिसायला असाच रोग झाला तर पाण्यात मीठ टाकतात. खाऱ्यातल्याला झाला तर काढून घेतात. लिटरला पस्तीस ग्रॅमवरून दोन-तीन दिवसांत हळूहळू बारा-तेरावर. त्या पाण्यात गळून पडलेला जंतू फुटतो, मासा मात्र तग धरतो. आकडा इतका खाली गेला की लॅक्टोमीटर टबात बुडाला. मग योग्य मापाचा हायड्रोमीटर मागवला.

मासा का तग धरतो, ते ऐकण्यासारखे आहे. कौटिल्याने सरकारी नोकरांबद्दल लिहून ठेवले आहे, की पाण्यातला मासा पाणी पितो की नाही हे जसे कळत नाही, तसेच यांचे पैसे खाणे. दाजींनी हे वाक्य नोकरीत अनेकदा वापरले होते. समुद्रातला मासा खरोखरच पितो, आणि सारखा पितो. कारण भोवतीचे मीठ त्याच्या अंगातले पाणी ओढून घेते, आणि प्यायल्यावर आत आलेले मीठ त्याला मेहनतीने बाहेर टाकावे लागते. मीठ कमी केले की त्याची ही हमाली हलकी होते. "म्हणजे गोड्या पाण्यातला पीत नाही?" दाजींनी विचारले. "जवळजवळ नाहीच." ते बराच वेळ गप्प बसले. मला वाटते, जुनी काही प्रकरणे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली असावीत.

ज्या दिवशी टबातले मीठ उतरवले, त्याच्या आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी रक्तदाबासाठी दाजींचेही मीठ तोडले होते. एकाच घरात दोघांचे पथ्य. फरक एवढाच, की माशांना लोणच्याची बरणी कुठे ठेवली आहे ते माहीत नव्हते.

उरलेला डॅम्सेल टबात गेला तो तिसऱ्या दिवशी. क्लाउनांपैकी थोरलीने खाणे सोडले. ताई दुखऱ्या गुडघ्यांनिशी रात्री दोन-दोनदा उठून न्हाणीघरात टबापाशी पाटावर बसायची. दिवा लावायची नाही, मासे घाबरतात म्हणून. दाजी उठून तिच्यामागे उभे राहायचे. मी एकदा मुक्कामाला होतो, तेव्हा अंधारात त्यांचे बोलणे ऐकू आले. "गेली तर?" ताई म्हणाली. दाजी म्हणाले, "बाराव्या दिवशी कोळंबीचा तुकडा खाल्ल्याची नोंद आहे. दोनदा तपासलीय." त्यांच्या तोंडून इतके हळवे वाक्य मी पूर्वी ऐकले नव्हते.

इकडे टाकी रिकामी. जाणकार शौकीन अशी टाकी ७६ दिवस बिनमाशाची ठेवायला सांगतात, म्हणजे सर्वांत आळशी कोषदेखील फुटून त्यातले जंतू उपाशी मरतात. दाजींनी ७६ रकाने आखले. दिवा लावलेला, पाणी फिरतेय, झिंगा एकटाच मालकासारखा हिंडतोय, आणि समोर ताई बसलेली. येणारा-जाणारा विचारी, "काय बघायलेत?" ती म्हणे, "काही नाही हे बघतेय." पोथीतही यापेक्षा कठीण साधना क्वचित सापडेल. एवढ्यात टँकरवाल्याने दर वाढवला, तेव्हा गल्लीने रिकाम्या टाकीवरून पुन्हा एकदा माझी चौकशी केली.

चार आठवड्यांनी टबातले मीठ आठवडाभर घेऊन हळूहळू चढवले. सत्त्याहत्तराव्या दिवशी दोघे क्लाउन टाकीत परतले, थोरली पुढे, धाकटा मागे. ठिपके पुन्हा आले नाहीत.

अण्णांचा तांब्या या सगळ्या काळात टाकीशेजारच्या कपाटावर होता. वडीलधारा माणूस, परत कसा करायचा, म्हणून दाजींनी तो तिथे ठेवला होता. आता अण्णा आठवड्यातून एकदा कुणालातरी घेऊन येतात, आधी मासे दाखवतात, मग तांब्या. ताई त्यांना चहा करते. दाजी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात, आणि मला डोळ्याने खूण करतात, की गप्प बसा.