काबरीचं पोट

आमच्या काबरी कोंबडीला घरात खादाड म्हणत ते फक्त कार्तिकात. एरवी, विशेषतः वैशाखात, पुढ्यात तांदळाची कणी पडली तरी ती मान वळवून माडाच्या आळ्यातल्या ओल्या मातीत जाऊन बसे. आमच्या कुडाळकडच्या घरी ती सहा-सात पावसाळे जगली. गावठीच, राखाडी अंगावर काळे ठिपके, आणि स्वभावाने भांडखोर. तिच्या खाण्याचा हिशोब फक्त मोठ्या काकीला कळत असे. काकीचं माप म्हणजे एक करवंटी. ती कधी काठोकाठ भरे, तर कधी जेमतेम अर्धी.

उन्हाळ्यात ती अर्धीच असायची. कोंबडी आजारी पडली की काय म्हणून आम्ही मुलं काळजीत. काकी म्हणायची, “झिला, ह्या दिसांत तिका भूक नाय, तान आसता.” ते खरंच होतं. कोंबडीच्या अंगाची उष्णता मुळातच ४१-४२ अंश, आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या, पंख अंगापासून सुटे धरायचे, एवढेच तिचे उपाय. मे महिन्यातल्या किनाऱ्यालगतच्या दमट हवेत धापांचाही फारसा उपयोग होत नाही. अन्न पचवताना अंगात आणखी उष्णता तयार होते, म्हणून ती खाणंच टाळते. काबरी पहाटे फटफटताना आणि सूर्य माडांमागे गेल्यावर खायची. मधले सगळे तास सावलीत. काकी तेव्हा कोरडी कणी न देता पेजेच्या निवळात कोंडा कालवून द्यायची, तो मात्र चटकन संपे. फणस फोडला की चारखंडांवर तिची चोच चाले, पण त्यातही गऱ्यापेक्षा त्यावर जमलेल्या माश्यांकडे लक्ष जास्त. अंडी या दिवसांत कमी, आणि कवच इतकं पातळ की उचलताना बोट आत जाई. धापांबरोबर शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि कवचाला लागणारं द्रव्य कमी पडतं, हे कारण मी पुढे वाचलं. काकीने ते न वाचताच दारात तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून ठेवल्या होत्या. काबरी त्या टिपायची संध्याकाळी, खुराड्यात शिरण्याआधी. अंड्याचं कवच मुख्यतः रात्री घडतं. तिची वेळ अचूक होती.

आमच्याकडे मिरगाला कोंबडा कापायची रीत. पण महिना-दीड महिना उन्हाने खाणं सुटलेला कोंबडा नेमका तेव्हाच हाडकुळा असायचा. दरवर्षी पानावर बसल्यावर त्यावरून कुरकुर व्हायची, रीत मात्र कोणी पुढे ढकलली नाही.

पहिल्या सरींनंतर रात्री दिव्याखाली पंखांची वाळवी पडायची. काकी ती सुपात झाडून ठेवी आणि पहाटे खुराड्यासमोर ओती. त्या दिवशी काबरी धान्याला शिवायचीसुद्धा नाही. पुढे आषाढात मात्र पडवीतून पाय बाहेर टाकायची सोय नसे, आणि घरातलं भातही तळाला गेलेलं असे. माणसांना मोजून मिळे तिथे कोंबड्यांचं काय! तूस, नाचणीचा कोंडा, पडवीच्या कडेला येणारी गांडुळं यांवर निभे. या दिवसांत भूक कमी झाली तर काकी उन्हाळ्यासारखी गप्प बसत नसे. पावसात खाणं सोडून, पिसं फुगवून कोपऱ्यात उभी राहणारी कोंबडी म्हणजे दुखणं, हा फरक तिला पक्का ठाऊक होता. अशा कोंबडीला ती लगेच वेगळ्या डालग्याखाली ठेवायची.

आश्विन सरता सरता काबरीचं रूप बघवत नसे. दिवस लहान होऊ लागले की कोंबड्या पिसं टाकतात. आमच्या भागात वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम दोन तासांचं अंतर, तरी त्यांना ते कळतं. शेपटी गळालेली, मानेवर नव्या पिसांचे काटे, अंडी बंद. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन, म्हणून तिला तेव्हा धान्याहून किडे हवे असत. ती उकिरडा उकरत बसे, आणि काकी सुकटाची डोकी चुरून टाकी. गंमत म्हणजे ही निकड नेमकी भात कापणीच्या दिवसांत यायची. खळ्यावर, उडवीखाली दाणाच दाणा, आणि ही बाई त्यातले किडे वेचतेय! पिसं भरून आली की मग दाण्यावर तुटून पडे. कार्तिकातलं खादाडपण ते. संध्याकाळी काकी तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपून बघायची. लांब रात्रीची बेगमी करून ती लिंबाएवढी टणक झालेली असे.

माघात ती खुडूक बसे. एकवीस दिवस अंड्यांवर. दिवसातून एकदाच उठायची, घाईने चार दाणे, दोन घोट पाणी, की परत. पिल्लं निघाली तरी हाल तेच. दाणा चोचीत उचलायचा, ‘कुट् कुट्’ करून पिल्लांपुढे टाकायचा, स्वतः गिळायचा नाही. पिल्लं स्वतःचं पोट भरू लागेपर्यंत ती पिसांचं गाठोडंच तेवढी उरे. तिला हात लावायला गेलेल्या मांजराची मात्र खैर नसे.

शेवटच्या वर्षी ती अंडी देत नव्हती. तरण्या तलंगा तिला हुसकावत, म्हणून काकी तिला वेगळं, भिजवलेलं खायला घाली. एका ज्येष्ठात ती गेली, म्हातारपणाने.

आता शहरात गच्चीवर, अंगणात हौसेने कोंबड्या पाळणारे पोत्यावरचं माप बघून रोज शे-सव्वाशे ग्रॅम खाद्य घालतात आणि ते उरलं की घाबरतात. ते माप वर्षभर दिव्याखाली दिवस लांबवून ठेवलेल्या, पिंजऱ्यातल्या कोंबडीचं आहे. तुमची कोंबडी उघड्यावर असेल तर एप्रिल-मेमध्ये खाद्य उरू द्या, पण सावलीतलं पाणी दिवसातून दोन-तीनदा बदला.