वीतभर माती

मुरमाड जमिनीत खड्डा घ्यायचा तर कुदळीपेक्षा पहार कामाला येते. मातीचा अभ्यास करणारे दीडेक मीटर खोल खड्डा घेतात, त्याची एक बाजू सरळ तासतात आणि वरून खाली थर वाचत जातात. बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या माळावर एवढे खोल जायची वेळ सहसा येत नाही. वर तांबूस-तपकिरी माती, वीतभर. तिच्यातच बोराएवढे, मुठीएवढे काळे दगड आणि मध्येच एखादी पांढरी गारगोटी. खाली पिवळट करडा मुरूम, बोटांनी चुरता येईल इतका भुसभुशीत. मग पहारेचा आवाज बदलतो. तिथे कातळ.

हा उथळ खड्डा मला फार प्रिय आहे. काळ्या रानात दिवसभर खणले तरी काळेच लागते. इथे दगडाची माती होताना समोर दिसते. मुरमात मधूनमधून गोल धोंडे असतात आणि त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटत असतात. भेगांमधून गवताची मुळे खाली गेलेली असतात. त्या भेगांत पांढरी पूड दिसली, की तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसले तर चुना. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक अजून झिजतो आहे आणि पाऊस कमी असल्याने त्यातून सुटलेला चुना वाहून न जाता तिथल्या तिथे साठतो.

या मातीला शास्त्रात नाव द्यायची रीत साधी आणि कष्टाची आहे. ओल्या मातीचा रंग मन्सेलच्या रंगपुस्तकातल्या चौकोनांशी ताडून पाहायचा. चिमटीत दाबून पट्टी काढायची. काळीची पट्टी लांब निघते, ही लगेच तुटते आणि बोटाला खरखरीत लागते. दोन मिलिमीटरच्या चाळणीवर जे राहते ते दगड-खडे, खाली पडते ती माती. खड्यांनी पस्तीस टक्क्यांहून जास्त जागा व्यापली, की जमीन अति खडकाळ गटात जाते. पन्नास सेंटिमीटरच्या आत कठीण कातळ, पावसाळ्यात ओल आणि उरलेले बरेच महिने कोरड, वेगळे थर पडायला पुरेसा वेळ न मिळालेली माती, एवढे सगळे जुळले की तिची जागा ठरते: लिथिक उस्टॉर्थेंट्स. दख्खनच्या पठारावर उंचवट्यांवर अशा जमिनी सगळीकडे आहेत. नाव रुक्ष असेल, पण त्यात कुठेही तुच्छता नाही, आणि मला त्याचे मोल वाटते. किती खोल, किती ओल, एवढेच ते सांगते.

आपल्याकडे मातीची वर्गवारी त्याआधीपासून होती, पण तिला सारा ठरवायचा होता. शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमिनीची नव्याने मोजणी सुरू केली. प्रिंगल या अधिकाऱ्याची आधीची मोजणी फसली होती आणि साऱ्याच्या ओझ्याने शेतकरी रान सोडून जात होते. नव्या पद्धतीत जमिनीची खोली हातांत मोजली जाई. पावणेदोन हात खोल, एकसारख्या काळ्या मातीला सोळा आणे. मग चुनखडी, वाळू, उतार, धूप असा एकेक दोष धरून प्रत उतरत जायची आणि अगदी तळाला दोन आणे. भरड, खडेमिश्रित जमिनींचा वेगळा, तिसरा गट होता. त्या मोजणीने अनेकांचा सारा न्याय्य केला, हे मान्यच करायला हवे. पण सोळा आण्यांची काळी हेच माप झाले आणि माळाची माती त्या मापात कायमची उणी ठरली. सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ अजून तेच सांगतो.

माळावरून कऱ्हेच्या दिशेने उतरत गेले, की ही तुलना किती चुकीची आहे ते पायांना कळते. माथ्यावर मुरूम. थोडे खाली गुडघाभर खोल मध्यम जमीन. नदीकाठी मळईत भारी काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. खडक तिन्ही ठिकाणी एकच. माथ्यावर जेवढी बारीक माती तयार होते, तिच्यातली बरीचशी पाऊस खाली नेतो आणि ती नदीकाठी साठते. ज्या काळीचे आपण गोडवे गातो, तिच्यात माळाने दिलेली माती आहे. पंचक्रोशीतले शेतकरी हे जाणतात. उन्हाळ्यात तलावातला गाळ ट्रॉलीने वर आणून ते मुरमाड रानात पसरतात. पावसाने खाली नेलेली माती डिझेल जाळून परत वर येते. सांगोल्याकडे अशाच हलक्या जमिनीवर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. डाळिंबाच्या मुळाशी पाणी तुंबलेले चालत नाही आणि मुरमात ते तुंबत नाही.

पाण्याचा हिशेबही दिसतो तसा सरळ नाही. इथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. वीतभर मातीत पाणी थोडेच मावते, हे खरे. पण वळवाची एखादी हलकी सर येते तेव्हा काळी माती ते पाणी वरच्या बोटभर थरात घट्ट धरून ठेवते. मुळांना त्यातले फार थोडे सुटते आणि बाकीचे उन्हाने उडून जाते. माळावर निम्मी जागा खड्यांनी अडवलेली, म्हणून तेवढेच पाणी उरलेल्या मातीतून खोल उतरते आणि मुळांना लगेच लागते. वरचे सुटे दगड थेंबांचा मार झेलतात आणि आपल्याखाली ओल राखतात. मेच्या अखेरीस एखादा दगड उलटून पाहावा. त्याच्याखालची माती बाजूच्या मातीपेक्षा गार आणि किंचित दमट लागते, आणि तिथे कुणी ना कुणी राहत असते. (तो दगड होता तसा परत ठेवावा.) थोड्या पावसाच्या मुलखाला ही माती साजेशी आहे, असे मी पूर्ण विश्वासाने म्हणतो.

गवतांना हे पहिल्यापासून ठाऊक आहे. चराई बेताची असेल तिथे पवन्या टिकतो. तो सरला, की कुसळी पसरते. कुसळीच्या बीला लांब शेपूट असते. कोरड्या हवेत तिला पीळ पडतो, दव पडले की तो उलगडतो. पिळत-उलगडत ते टोकदार बी स्वतःला जमिनीत रोवून घेते, आणि दगडाच्या कडेची फट त्याला फार उपयोगी पडते. त्यामुळे कुठले गवत उभे आहे ते पाहिले, की खड्डा न घेताही जमिनीची हालत बरीचशी कळते.

श्रावणात एका धनगर बाबांना विचारले होते, “बाबा, खाली एवढं हिरवं रान असताना मेंढरं वरच का ठेवता?”

“हितं पाणी ऱ्हात न्हाई,” ते म्हणाले. “खाली चिखलात खूर सडत्यात. पाऊस गेला की मग बघू खाली, कुणाच्या रानात बसवायची ती.”

माळाचा निचरा त्यांच्या हिशेबात जमेच्या बाजूला होता. मेंढरे बसवली की लेंडीखत खालच्या शेताला मिळते. म्हणजे माळावरचे गवत खत होऊन पुन्हा काळीतच उतरते.

आजच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत मात्र झुडपी आणि खडकाळ माळ ओसाड जमिनींच्या रकान्यात बसतो. ओसाड ठरलेली जागा भरायची घाई सगळ्यांना असते. कुणी खड्डे घेऊन ओळीने गिरिपुष्प लावतो, कुणी सौरपट्ट्या मांडतो, कुणी रस्त्याच्या भरावासाठी मुरूम उचलतो. झाडांच्या सावलीत माळाचे गवत विरळ होते. धाविक, चंडोल, लांडगा, चिंकारा यांना उघडे, दूरवर दिसणारे रान लागते. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी १९९७ साली झाले, ते जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे. अभयारण्याबाहेरच्या बाकीच्या माळाच्या वाट्याला तोच ओसाड जमिनींचा रकाना येतो. आणि मुरूम उचलल्यावर तर वीतभर मातीही राहत नाही. उघड्या कातळावर ती पुन्हा धरायला कितीतरी पिढ्या जातात.

गावच्या दप्तरात माळाच्या गटापुढे नुसते ‘पोटखराबा’ लिहून थांबू नये, असे मला कळकळीने वाटते. तिथे मातीची खोली लिहावी, खड्यांचे प्रमाण लिहावे, पवन्या आहे की नुसती कुसळी उरली ते लिहावे, श्रावणात किती मेंढरे चरतात तेही लिहावे. मुरमाचा परवाना मागायला कुणी आला, की ग्रामसभेने आधी हे पान वाचावे.