परसातली जिवाणी

मुलानं पॅटिओचा विषय काढला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "आई, मागच्या जागेचं आता काहीतरी करूया. छान पॅटिओ करू, कडेनं बॉर्डर, झाडं, दोन खुर्च्या. बाबा संध्याकाळी बसतील, छकुली सायकल चालवेल." मी म्हटलं, "पॅटिओ म्हणजे फरसबंद आंगणच ना रे? ते तर आहेच की आपल्याला."

आहे म्हणायचं इतकंच. आमच्या बरकतपुऱ्याच्या घरामागे तीस फूट बाय बावीस फुटांचं परस आहे. कडेला एक पारिजातक, एक कढीपत्ता, धुणं धुवायचा दगड, आणि बाकी सगळीकडे सिमेंटचा कोबा. ठिकठिकाणी तडकलेला, उन्हाळ्यात पाय भाजणारा. आणि मधोमध, कोब्यापेक्षा चार बोटं वर आलेला सिमेंटचा एक गोल स्लॅब. त्याच्यावर आम्ही पापड वाळवायचो, गादी उन्हात टाकायचो. त्याच्याखाली विहीर होती, हे छकुलीला माहीतच नव्हतं. मलाही ते विसरलेलंच बरं वाटायचं.

हे घर माझ्या आजेसासऱ्यांचं. ते लातूरकडून निजामाच्या काळात इथं आले. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आमच्याकडच्या लोकांना नोकरीला काय अन् कोर्टकचेरीला काय, हैदराबादच गाठावं लागे. घर घेताना त्यांनी आधी विहिरीचं पाणी चाखून बघितलं आणि मग भाव विचारला, असं सासूबाई सांगायच्या.

१९९० साली मी लग्न होऊन आले तेव्हा विहीर नांदती होती. सासूबाईंचा दिवस तिथूनच सुरू व्हायचा. पाणी शेंदायचं, दुहेरी जाड कापडाच्या गाळण्यातून गाळायचं, आणि गाळण्याला जे राहिलं असेल ते त्याच कापडावर गाळलेलं पाणी ओतून पुन्हा विहिरीत सोडायचं. हीच जिवाणी. आमच्या जैन घरांतून नवं काही नाही यात. पण सासूबाई ती वरून फेकत नसत. त्यांच्याकडे खास बालदी होती, तिच्या बुडालाही एक कडी. दोर त्या कडीत अडकवून बालदी अलगद खाली सोडायची, पाण्याला टेकली की झटका द्यायचा, मग ती पाण्याशीच उलटायची. एवढ्या उंचीवरून पडले तर जीव वाचणार कसे, असं त्यांचं साधं म्हणणं. मी आर्ट्‌सची पदवीधर. मला तेव्हा हे सगळं फारच कूर्मगतीचं वाटायचं.

पुढं मुलगा झाला, चालायला लागला, पळायला लागला. १९९६च्या उन्हाळ्यात एकदा मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघते तर हा चार वर्षांचा पोरगा विहिरीच्या कठड्यावर पोटावर लोंबकळून आत बघतोय! माझ्या पोटात गोळा आला. त्याच रात्री मी यांच्यापुढं हट्ट धरला, विहीर बंद करा. नळ होता, टाकी होती, मोटर होती. महिन्याभरात स्लॅब पडला, आणि मजूर आलेच आहेत म्हणून चिखलाची कटकट नको, सगळ्या परसाला कोबाही करून घेतला.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी गाळणं हातात धरून नळापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नळाच्या पाण्याची जिवाणी टाकू कुठं गं? गंडीपेठला जाऊ?"

मी हसले. मला तो विनोद वाटला. गंडीपेठ म्हणजे उस्मानसागर. १९०८च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर आला, शहर उद्ध्वस्त झालं, त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून मुसीवर हा तलाव १९२० साली बांधून झाला. कित्येक वर्षं हैदराबादच्या नळांना त्याचं पाणी येत होतं. सासूबाईंचा प्रश्न अगदी नेमका होता. पाणी ज्या ठिकाणचं, जीव त्याच ठिकाणी परत गेले पाहिजेत. नळाच्या पाण्याला ठिकाण कुठलं?

त्या व्रती होत्या. नळाचं पाणी त्यांना चालत नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून त्या पितळी कळशी घेऊन मंदिराच्या आवारातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. तिथंच गाळायच्या, तिथंच जिवाणी सोडायच्या आणि आपल्यापुरतं पाणी घेऊन यायच्या. तेव्हा त्यांचं वय त्रेसष्ट. पावसात, थंडीत, गुडघे दुखत असताना, तेरा वर्षं. २००९ साली त्या गेल्या. तेरा वर्षांत एकदाही त्यांनी मला बोल लावला नाही. कधीकधी वाटतं, एकदा तरी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी स्वतःला समजवायचे, पोराच्या जिवापुढं काय करणार? पण खरं सांगू? विहिरीवर बसवायची लोखंडी जाळी तेव्हाही मिळत होती. दोनशे पावलांवर लोहाराचं दुकान होतं. मला जाळी सुचली नाही, कारण मला विहिरीचा उपद्व्यापच नको होता.

म्हणून मुलानं नकाशा पुढं ठेवला तेव्हा माझं लक्ष आधी तिकडंच गेलं. बाग सजवून देणाऱ्या एका तरुणाकडून त्यानं तो करून आणला होता. सगळ्या परसात चकचकीत टाइल्स, कडेला नऊ इंचांच्या बॉर्डरमध्ये एकसारखी झाडं, एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची हिरवळ. विहिरीचा स्लॅब फोडून सपाट करायचा आणि वरून टाइल मारायची. नकाशात विहिरीची खूणसुद्धा नव्हती.

"आणि पाणी कुठं जाणार?" मी विचारलं.

"कुठलं पाणी?"

"पावसाचं रे."

तो गप्प झाला, कारण १३ ऑक्टोबर २०२०ची रात्र त्यालाही आठवत होती. त्या रात्री सगळ्या हैदराबादेत पाणी भरलं. वस्त्याच्या वस्त्या बुडाल्या, माणसं वाहून गेली. त्यामानानं आमचं काहीच नाही, पण परसातलं पाणी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत आलं आणि आम्ही दोघं रात्रभर सूपल्यांनी पाणी बाहेर फेकत होतो. गंमत बघा, त्याच परसात चाळीस फूट खोल विहीर होती, आणि तिच्यावर आम्हीच झाकण घातलेलं!

त्याच सुमारास आम्ही बन्सीलालपेठची जुनी बारव बघून आलो होतो. वर्षानुवर्षं कचऱ्यानं भरलेली ती बारव साफ करून डिसेंबर २०२२ मध्ये लोकांसाठी खुली केली. दगडी पायऱ्या, खांब आणि खाली चक्क पाणी. मुलगा फोटो काढत होता, मी मात्र तिथं उभी राहून आमच्या पापडांच्या स्लॅबचाच विचार करत होते. एवढी मोठी बारव उघडते, मग आपल्या घरची विहीर का नाही?

मी घरात सांगितलं, "पॅटिओ करा, मला हवाच आहे. पण सहाशे साठ चौरस फुटांपैकी एकशे ऐंशीच झाकायचे. बाकी माती. आणि विहीर उघडायची." हे म्हणाले, "खर्च वाढेल." मी म्हटलं, "टाइल्सचा वाचेल." दोनतीन दिवस घरात जरा धुसफूस चालली, मग सूनबाई माझ्या बाजूनं बोलल्या आणि ठरलं.

एक अट माझी होती, काम आषाढ लागायच्या आत संपलं पाहिजे. पाऊस सुरू झाला की मातीत असंख्य जीव होतात, चातुर्मासात मी कुदळ लावू देणार नव्हते. फाल्गुनाच्या अखेरीस मेस्त्री आला. इथं गवंड्याला मेस्त्रीच म्हणतात. हा महबूबनगरकडचा, म्हणजे पालमूरचा. पालमूरचे मजूर देशभर धरणांच्या कामांवर जाऊन आलेले, माती आणि पाणी त्यांना कळतं. तरी विहीर बघून तो म्हणाला, "अम्मा, ये बावली बंद इच रहने दो. ऊपर से फरशी मार देतूं." मी म्हटलं, "नक्को."

कोबा फुटला. खालची माती राखेसारखी निघाली. सत्तावीस वर्षं ना ऊन, ना पाणी. एक गांडूळ नाही. खोदताना जीव मरतील म्हणून मी सूप घेऊन उभी होते, पण उचलायला काही निघेच ना. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. घर चालवायचं तर आरंभी हिंसा गृहस्थाला टळत नाही, ती जपून करायची. मी आयुष्यभर चूल, केरसुणी आणि जातं एवढ्यातच ती मोजत आले. कोबा माझ्या हिशेबात कधी आलाच नव्हता.

स्लॅब उचलला तेव्हा कुबट वास आला. मेस्त्रीनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दोन दिवस विहीर नुसती उघडी ठेवली, मग कंदील दोरीला बांधून खाली सोडला. सोळासतरा फुटांवर तो विझला. खाली हवा नाही, माणूस उतरला असता तर परत आला नसता. मग पाला बांधलेले दोर वरखाली करून हवा खेळवली, पंखा लावला, आणि तिसऱ्या वेळी कंदील तळापर्यंत जळत राहिला तेव्हाच माणूस उतरला. तळाला वीतभर काळं पाणी आणि गाळ. गाळ काढला, तो मी मागच्या कोपऱ्यात ओला ठेवायला सांगितला.

पॅटिओला शहाबादी फरशी घातली. सिमेंटवर नाही, मुरूम आणि वाळूवर. सांध्यांत मेस्त्री सिमेंट भरायला निघाला होता, मी वाळूच भरायला लावली. चूकही झाली. उतार स्वयंपाकघराच्या दाराकडे आला, आणि ते कळलं वळवाचा पहिला पाऊस पडला तेव्हा! चार ओळी उखडून पुन्हा घातल्या, दहा फुटांना दोन इंच उतार, तोही झाडांकडे. वाफ्यांच्या कडेला विटा तिरप्या रोवून झालर केली, आणि दर चार फुटांवर एक वीट सोडली, म्हणजे फरशीवरचं पाणी वाफ्यात शिरेल. धुण्याचा दगड टाकला नाही, पारिजातकाखाली बसायला केला.

झाडांसाठी शेजारच्या वदिना मदतीला आल्या. तेलुगूत वदिना म्हणजे वहिनी. त्यांनी कनकांबरम दिली, आपली अबोली. आल्याचे कंदही आणले होते, मी हात जोडले. "अरे, मी विसरलेच, तुम्हाला कंद चालत नाही!" म्हणत त्यांनी ओवा आणि गवती चहा दिला. मोगरा, लिंबू, जास्वंद मी आणली. मुलाला एकसारखी बॉर्डर हवी होती, ती काही जमली नाही. गवती चहा सगळ्यांच्या अंगावर पडतो.

विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, कुलूप लावलं. गच्चीचं पाणी खडी-वाळूच्या टाकीतून गाळून विहिरीत सोडलं. पहिल्या एकदोन पावसांचं पाणी बाहेर काढायचं, गच्ची धुऊन निघते तोवर. आमची गच्ची हजार चौरस फुटांची. तिच्यावर एक इंच पाऊस पडला की साधारण २,३०० लिटर पाणी होतं. हैदराबादचा वर्षाचा पाऊस साधारण ८०० मिलिमीटर धरला तर ७०,००० लिटरच्या वर. एवढं सगळं इतकी वर्षं आम्ही गटारात सोडत होतो आणि नळाला मात्र शंभराहून जास्त किलोमीटरवरून कृष्णेचं पाणी मागत होतो.

श्रावणात विहिरीत पाणी चढलं. कोजागिरीला वाकून बघितलं तर चंद्र दिसत होता. वाफ्यांत गांडुळं आली, कुणी आणली नाहीत, आपली आपण आली. हे संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात आणि फरशीच्या सांध्यांतून गवत उगवतं म्हणून कुरकुरतात. मी म्हणते, उगवू दे.

माळ्यावरून कडीची बालदी काढली. गंजली होती, बुडाची कडी मात्र घट्ट. मी व्रती नाही, घरात प्यायला यंत्राचंच पाणी आहे. पण अष्टमी-चतुर्दशीला विहिरीचं पाणी काढते, गाळते आणि जिवाणी खाली सोडते. पहिल्या दिवशी माझ्याच्यानं बालदी उलटेना. झटका कसा द्यायचा, ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं. सहा वर्षं रोज डोळ्यांपुढं चालायचं, तरी नाही. चौथ्या खेपेला जमलं.

तुमच्या परसातही अशी एखादी झाकलेली विहीर असेल, तर फरशी घालण्याआधी तिचा विचार करा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांना आधी विचारा. आमच्या विहिरीला आता पाणी आहे. पण जिला ते पाणी हवं होतं, तिनं ते तेरा वर्षं दुसऱ्याच्या विहिरीवरून वाहून आणलं. त्या कळशीत मी आता मोगऱ्याला पाणी घालते. दोन खेपांत हात भरून येतो.