हिरवे दिसले म्हणजे रान आले का?

जळालेला डोंगर मृगाच्या पावसाने हिरवा झाला, की आपण म्हणतो, "आले रान परत." पण अमेरिकेतल्या एका जळालेल्या जंगलाची उपग्रहाने टिपलेली वर्षावर्षाची चित्रे पाहिली, आणि तेव्हापासून या हिरवाईकडे मी जरा निरखून पाहू लागलो आहे.

ते जंगल म्हणजे यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान. १९८८ च्या कोरड्या उन्हाळ्यात तिथे वणवे पेटले. हजारो माणसे झटली, पण आग खरी थंडावली ती सप्टेंबरात पाऊस आणि बर्फ पडल्यावरच. तोवर सुमारे ८ लाख एकर, म्हणजे उद्यानाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक रान वणव्याच्या फेऱ्यात सापडले होते.

एवढे रान पायी कोण मोजणार? ते काम लँडसॅट उपग्रहांनी केले. असा उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच जागेवरून जातो. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद जमीन. आपल्या हिशेबाने ९ गुंठे. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश जोराने परत फेकते; जळकी जमीन तसे करीत नाही. त्यावरून पाला कुठे आणि राख कुठे, ते कळते.

खरी गोष्ट पुढेच आहे. गवताझुडपांमुळे हिरवेपणा थोड्याच वर्षांत परतला. पण झाडोऱ्यातला ओलावा दाखवणारा दुसरा प्रकाश पाहिला, तर आगीचे व्रण २० वर्षांनंतरही ओळखू येत होते.

तिथल्या लॉजपोल पाइनची पुष्कळशी फळे राळेने घट्ट मिटलेली असतात. आगीच्या धगीने ती उघडतात आणि बी राखेत पडते. आगीची एवढी तयारी असलेले हे झाड! पण १९८८ नंतर उगवलेले काही रान २०१६ मध्ये पुन्हा जळाले, तेव्हा तिथे नवी रोपे फारच थोडी आली. त्यालाही २८ वर्षांची सवड पुरली नाही.

आपल्या डोंगराला आपण किती सवड देतो? फाल्गुन-चैत्रात कुणाची विडी पडते, कुणी चांगले गवत यावे म्हणून काडी लावतो. गवताची मुळे जमिनीत जिवंत राहतात, म्हणून ते फुटते. पण ऐनाचे, आवळ्याचे वीतभर रोपटे दरसाल करपते आणि वर येतच नाही. उघड्या उतारावरची माती पहिल्या पावसात ओढ्याला लागते, ती वेगळीच.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था आता उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना वनखात्याला मोबाइलवर पाठवते. पण आग लागल्याचे कळणे निराळे आणि ती लागू न देणे निराळे. गावाने मिळून थंडीतच जाळरेषा काढावी. आणि रान परतले का, हे पाहायचे असेल तर हिरवळ पाहू नये. गुडघ्याच्या वर गेलेली रोपटी मोजावीत.