दोघांचे संग्रह, एक पेटी

गोव्यात वकिली करणाऱ्याला पतिपत्नींच्या मालमत्तेचा प्रश्न पाठ असतो. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा आमच्याकडे १८७० पासून लागू झाला, आणि त्याची परंपरा अशी की विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर उभयतांची मालमत्ता सामाईक होते. प्रत्येकाचा अर्धा हिस्सा खरा. पण संसार चालू आहे तोवर तो अविभक्तच राहावयाचा. घर, कुळागर, दागिने या सर्वांची यादी आम्ही पक्षकारांसाठी कितीदा तरी केली आहे. छायाचित्रे मात्र त्या यादीत कुणीच घालीत नाही.

आमच्या घरी हा प्रश्न उपस्थित झाला तो संगणकात जागा उरली नाही म्हणून. संगणक एक, त्यावर खाती दोन, आणि प्रत्येक खात्यात छायाचित्रांचा स्वतंत्र संग्रह. आमचा अठरा हजारांच्या आसपास. सौभाग्यवतींचा एकतीस हजारांहून अधिक, शिवाय चलच्चित्रे. दोन टेराबाइटांची एक बाह्य पेटी आणली. ती तळहातावर मावते. आमच्या आजोबांच्या घरातील छायाचित्रांची लाकडी पेटी उचलायला दोघे लागत, आणि तरीही दर पावसाळ्यात तिच्यातील चार-सहा चित्रांना बुरशी चढून ती काचेला चिकटून जात. या नव्या पेटीला बुरशीचे भय नाही. तिची भये निराळी आहेत.

दोन्ही संग्रह एकत्र करून टाकावेत, असे आम्हांला प्रथम वाटले. नाहीतरी जत्रेची, पालखीची, नातेवाइकांच्या लग्नांची अर्धी चित्रे दोघांकडेही आहेतच. सौभाग्यवतींनी हा प्रस्ताव एका वाक्यात फेटाळला. "तुमच्या फोटूंनी मनशां खंय आसात?" त्यांनी विचारले. उत्तर देणे कठीण होते. आमच्या देवळाचा जुना सभामंडप उतरविला त्याआधी आम्ही त्याचा प्रत्येक लाकडी खांब, प्रत्येक तुळई टिपून ठेवली होती, आणि माणूस चौकटीत येऊ नये म्हणून भर दुपारची वेळ साधली होती. त्याच मंडपाचे त्यांच्याकडे एकच चित्र आहे. त्यात त्यांच्या मातोश्री एका खांबाला टेकून वाती वळीत बसल्या आहेत. खांब कोणता ते ओळखू येत नाही. मातोश्रींना जाऊन तीन वर्षे झाली. १९५७ च्या कृतिस्वामित्व कायद्याने छायाचित्र जो काढील तोच त्याचा कर्ता. तेव्हा संग्रह दोन राहावेत, हे कायद्यालाही धरूनच झाले.

पेटी आली तेव्हा तिची मांडणी 'एक्सफॅट' पद्धतीची होती. ती कोणत्याही संगणकावर उघडते म्हणून दुकानदाराने तिची भलामण केली. पण मॅकवरील फोटोंचा संग्रह दिसायला एक वस्तू असला, तरी आत हजारो कागदांचा गठ्ठा असतो, आणि त्यासाठी 'एपीएफएस' किंवा जुनी 'मॅक ओएस एक्स्टेंडेड' पद्धत लागते. मांडणी बदलताना पेटी पार पुसली जाते. म्हणून हे काम ती रिकामी असतानाच करावे. आम्ही 'एपीएफएस' घेतली आणि आत दोन नावांचे दोन विभाग केले. या पद्धतीची खुबी वकिलाला विशेष आवडण्यासारखी आहे. दोन विभागांमध्ये भिंत ठरवावी लागत नाही. मोकळी जागा दोघांची सामाईक असते, आणि ज्याला जेवढी लागेल तेवढी तो घेतो. पोर्तुगीज कायदेपंडितांना ही मांडणी परकी वाटली नसती.

नक्कल करण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी लागली. सौभाग्यवतींच्या खात्यात जागा वाचविण्याची सोय चालू होती. म्हणजे मूळ चित्रे दूरच्या साठ्यात, आणि घरात केवळ त्यांच्या लहान प्रती. तसाच संग्रह उचलला असता तर पेटीत सावल्याच गेल्या असत्या. मूळ प्रती उतरवून घेण्यास दोन दिवस लागले. मग प्रत्येकाने आपापल्या खात्यातून आपला संग्रह आपल्या विभागात ओढला, ऑप्शनची कळ दाबून धरून फोटो उघडले, आणि नवा संग्रह निवडला. जुना लगेच पुसला नाही. वर्षवार चित्रे मोजली, चलच्चित्रे लावून पाहिली. त्यांतच मातोश्रींचे एक सापडले, जेमतेम चाळीस सेकंदांचे. सोलकढीत मीठ किती, यावरून त्या कुणाला तरी रागावत आहेत. त्यांचा आवाज घरात एवढाच उरला आहे.

त्यानंतर कुलुपाचा वाद झाला. विभागांना गुप्तशब्द लावता येतो, आणि तो हरवला तर आतील वस्तू कोणाच्याच हाती लागत नाही. सौभाग्यवतींना कुलूप नको होते. आम्ही न्यायालयात पाहिलेली भांडणे आठवून आग्रह धरला. शेवटी दोन गुप्तशब्द दोन कागदांवर लिहून बंद पाकिटात घातले, आणि ते पाकीट घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवले. आमच्या मागे वारसांनी यादी करावयास घेतली, तर हाही एक जिन्नस तीत निघेल.

आता जुना संग्रह पुसायचा, तर पेटीतील प्रत एकुलती एक होणार. एकुलती प्रत म्हणजे धोकाच. पेटी पडू शकते, चोरीस जाऊ शकते. शिवाय या जातीच्या पेटीत हलणारे भाग नसले, तरी वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवली तर तिचीही स्मृती झिजते. म्हणून तशीच दुसरी पेटी घेतली असून ती बेळगावी धाकट्या भावाकडे राहील. दर गणेशचतुर्थीला तो येताना घेऊन येईल, नवी चित्रे तिच्यात भरली जातील, आणि ती परत जाईल. तिच्यावर चिकटवायची चिठ्ठी तेवढी अद्याप कोरी आहे. दोघांपैकी कोणाचे नाव आधी लिहावयाचे, हे ठरावयाचे आहे.