दोन महिन्यांची रजा

ऊसतोड सोडल्यावर आबांनी लाल कंधारी वळू पाळला. धारूर तालुक्यातलं आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात. आसपासच्या वाड्यांवरून लोक गायी लावायला यायचे, चार पैसे सुटायचे.

एका सकाळी ऐन वेळी गाय बाजूला सरकली. वळू कळवळून खाली उतरला. संध्याकाळपर्यंत त्याच्या अंडकोषापुढं नारळाएवढी सूज आली. कुणी हळदीचा लेप सांगितला, कुणी म्हणालं, चीर देऊन फोडा. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी मात्र हात लावू दिला नाही. "मामा, हे गळू नाही. आत रक्त साकळलंय. फोडलं तर वळू कामातून जाईल. परभणीला न्या."

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मला कळलं, वळूचं शिश्न आत इंग्रजी 'एस'सारखं दुमडलेलं असतं. ताठ झालं की ते वळण सरळ होतं. नेमका तेव्हाच हिसका बसला तर त्यावरचं चिवट आवरण फाटतं आणि रक्त आत साठत जातं. त्यात हाड नसतं, तरी डॉक्टर त्याला 'फ्रॅक्चर'च म्हणतात. वळूला गुंगीचं इंजेक्शन देऊन आडवं पाडलं, पाय बांधले. चीर देऊन रक्ताच्या काळ्या गाठी काढल्या, फाटलेलं आवरण शिवलं. आबा बाहेर उकिडवे बसून होते.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, "दोन महिने याला गायीजवळ जाऊ देऊ नका. टाके उसवतील."

आबांनी त्याला वेगळं छप्पर घातलं. आलेल्या गायी परत पाठवल्या. आई रोज त्याच्यापुढं पेंड ठेवायची. एकदा ठेवता ठेवता म्हणाली, "मह्या येळंला आसं कुणी सांगितलं न्हाई."

आईची पिशवी काढली तेव्हा ती तिशीत होती. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. एका दवाखान्यात सांगितलं, काढून टाका. त्याच दिवाळीनंतर ती कोयता घेऊन कारखान्यावर गेली. मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस चुकला की खाडा. टाके ओले असताना ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची.

२०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. हा आकडा मी मोबाईलवर वाचला आणि आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "यवढ्याच?"

वळू बरा झाला. पुढच्या वर्षी त्याची वासरं गावात हुंदडत होती. आईची कंबर अजून दुखते.